आत ओढलेला होकार

२७ जुलै

सगळं बदललं तो क्षण आजच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे म्हातारपणी स्वतःशीच वाद नको. बस रॉकेटतळाच्या फाटकाशी थांबली, मी पिशवी उतरवली, मान वर केली, आणि समोरच्या माळावर रेनडिअरच्या कुंपणाशी उभी राहून रिस्तेन माझ्याकडे हात हलवत होती. बस्स. उमेओचं विद्यापीठ, अर्ध्यात सोडलेलं दुसरं वर्ष, निघताना बाबांनी फिरवलेलं तोंड, त्या एका हातात सगळं वसूल झालं.

गेला हिवाळाभर ती माझ्या वर्गात होती. वसंत लागला तशी सामान बांधून घरी निघून गेली. म्हणाली, रेनडिअरांना कुणीतरी हवं असतं, आणि त्यांना रसायनशास्त्रात रस नाही. मला ये म्हणाली नाही. येऊ नको असंही म्हणाली नाही. वर्तमानपत्रात रॉकेटच्या तळावर मदतनीस हवा अशी जाहिरात दिसली, आणि रिस्तेनचे रेनडिअर चरतात तो मुलूखच या रॉकेटांच्या खाली येतो हे मला माहीत होतं. यापेक्षा स्पष्ट आमंत्रण देवाने तरी कुणाला धाडलंय?

मला घ्यायला गुन्वोर आली होती. पन्नाशीची बाई, खांदे कोठाराच्या दारासारखे, ओठाखाली कायम तंबाखूची पुडी. रॉकेट उडायच्या आधी खालचा मुलूख माणसांपासून रिकामा करायचा आणि उडून पडलं की तुकडे शोधून आणायचे, हे तिचं काम. आता माझंही. माझे हात उलटेपालटे करून बघितले तिने. म्हणाली, हे हात पियानोवर शोभले असते, पण असू दे, इथल्या डासांना तरी काही नवीन चाखायला मिळेल. मग एक नारिंगी अंगरखा फेकला. माझ्यासारखे दोन मावतील असा. खोलीला खिडकी आहे आणि खिडकीतून ते कुंपण दिसतं. माणसाला अजून काय लागतं!

२९ जुलै

आज रात्रीच्या जेवणात बटाट्याचे गोळे, आत डुकराचं मांस, वर लोण्याचा डोंगर. तोर्केलने तेवढ्यात शिकवणी घेतली. हा इथला शास्त्रज्ञ, पार दक्षिणेकडचा, लुंडचा. बोलणं गोड, पण जेवू देत नाही. पावाचे तुकडे ताटात मांडून सांगत होता. खाली आपल्या हवेत ऑक्सिजन जोडीने राहतो, दोघं एकमेकांना धरून, म्हणून शांत. वर, रात्रढगांच्या उंचीवर, ऊन ती जोडी फोडतं. मग एकेकटा सुटतो. आणि एकटा ऑक्सिजन कुणाला नाही म्हणत नाही. जे समोर येईल त्याला हो म्हणतो, मिठी मारतो आणि खाऊन टाकतो. म्हणून रॉकेटच्या टोकाशी असलेल्या यंत्रांच्या डब्यावर चांदीच्या पातळ पट्ट्या लावायच्या. जेवढी चांदी खाल्ली जाईल तेवढे एकटे वर आहेत.

रात्रढग म्हणजे आपल्या साध्या ढगांच्या कितीतरी वरचे. ऑगस्टात सूर्य जेमतेम बुडायला लागला की निळसर उजळतात. त्यांच्याजवळ हे एकटे वाढतात की घटतात, एवढंच तोर्केलला मरायच्या आधी कळायला हवंय. मी म्हटलं, वर कशाला जातोस, पट्टी माझ्या छातीला बांध. टेबलाभोवतीचे सगळे हसले. गुन्वोर म्हणाली, पोरावर चांदी वाया घालवू नका, नुसतं लोणी पुरेल.

तोर्केलला इथला होकार अजून पचलेला नाही. आम्हा उत्तरेकडच्यांना हो म्हणायला शब्द लागत नाही, ओठ चंबू करून श्वास झटकन आत ओढला की झालं. आल्याआल्या त्याने गुन्वोरला विचारलं होतं, गाडी तयार आहे का. तिने श्वास ओढला. त्याने परत विचारलं. तिने परत ओढला. तिसऱ्यांदा तो धावत जाऊन पाणी घेऊन आला. त्याला वाटलं, बाईला दम्याचा झटका आला.

२ ऑगस्ट

तो हात माझ्यासाठी नव्हता.

माझ्यामागे, फाटकाच्या आत, आन्ते उभा होता. आज कळलं. गुन्वोरबरोबर माळावर गेलो, पुढच्या उड्डाणाचा दिवस रेनडिअरवाल्यांना सांगायला, तर रिस्तेनच्या झोपडीत चुलीपाशी तो मांडी ठोकून बसलेला. रुंद चेहरा, दातांत फट, कमरेला चांदीच्या बटणांचा पट्टा. मला विद्वान म्हणतो. म्हणे, विद्वाना, पळून आलास की हाकललं? मी म्हटलं, पळून. तो म्हणाला, मग ठीक, हाकललेले लोक फार खातात. आणि कॉफीत चीजचे तुकडे टाकून पेला माझ्यापुढे सरकवला. वर माझ्या अंगरख्याची बाही दोनदा दुमडून दिली, धाकट्या भावाला द्यावी तशी.

शरदात, कळपातली जनावरं कापून झाली की दोघांचं लग्न आहे. रिस्तेनने सांगितलं. सांगताना माझ्याकडे नाही, चुलीकडे बघत होती.

चीज पेल्याच्या बुडाशी ठेवूनच उठलो. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं.

५ ऑगस्ट

ढगांची वाट बघणं चालू आहे. रॉकेट उभं आहे.

इथली एक रीत लिहून ठेवतो. चांदीच्या पट्ट्या असतात त्या डब्यावर, एकेका पट्टीच्या खाली, सगळे आपापलं नाव लिहितात. नुसती हौस नव्हे. खालच्या मुलखात ज्याचं काम आहे त्या प्रत्येकाने, रेनडिअरवाल्यांनीसुद्धा, उड्डाणाच्या दिवशी येऊन लिहायचं. उडवायच्या आधी सगळे काँक्रीटच्या खोलीत बसतात आणि गुन्वोर ती नावं एकेक करून वाचते. ज्याचं नाव आलं त्याने होकार द्यायचा. म्हणजे मी छताखाली आहे. एकाही नावाला होकार नाही आला तर रॉकेट हलत नाही, मग ढग गेले तर गेले, तोर्केल रडला तर रडला.

आणि दुसऱ्याच्या नावाला आपण होकार द्यायचा नाही. मी विचारलं, का? गुन्वोर म्हणाली, एक वेळ दुसऱ्याच्या ताटातलं खावं, दुसऱ्याचा श्वास घेऊ नये. तिला हे तिच्या आधीच्या माणसाने सांगितलं होतं. त्याला कुणी सांगितलं, कुणास ठाऊक.

७ ऑगस्ट

सकाळी रिस्तेन किरुना शहरात निघाली होती, मी तिला गाडीपाशी गाठलं. जे मनात होतं ते सगळं बोललो. ती म्हणाली, एल्विन, तू चांगला आहेस रे, घरी जा. शिवी दिली असती तर मी गेलोही असतो.

संध्याकाळी रात्रढग उगवले. उत्तरेला, माशाच्या खवल्यांसारखे. तोर्केल मांजरासारखा येरझाऱ्या घालत होता. आन्तेने येऊन नाव लिहून ठेवलं होतं. मग त्याची कुत्री सुटली आणि तो तिच्यामागे गेला. दार बंद करताना त्याची निळी टोपी टेकाडापलीकडे उतरताना मी पाहिली. फक्त मी.

आत दिवे मंद, यंत्रांचे पडदे नीट दिसावेत म्हणून. गुन्वोर वाचत गेली. नाव, श्वास. नाव, श्वास. मग आन्ते.

शांतता.

गुन्वोरने मान वर केली नव्हती. बोट नावावर होतं. मला त्या वेळी काय वाटलं ते खरं लिहितो, निदान इथे तरी. मला वाटलं, वरून जे पडेल ते त्याच्या डोक्यात पडावं.

मी श्वास आत ओढला.

अंधारात श्वासाला चेहरा नसतो. गुन्वोरचं बोट पुढच्या नावावर सरकलं.

८ ऑगस्ट

मेला नाही.

आम्ही हेलिकॉप्टरने गेलो तर डबा हवाई छत्रीसकट दलदलीत पडलेला आणि त्याच्याशेजारी आन्ते बसलेला, सावरून, पाहुण्यासारखा. खरचटलंही नव्हतं. गुन्वोरने त्याला ज्या शिव्या हासडल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. मग माझ्याकडे वळली आणि म्हणाली, याच्या नावाला होकार आला होता, मी कानाने ऐकला. मी म्हटलं, हो, मीही ऐकला. मग बाहेर पळाला असेल.

ती माझ्याकडे बघत राहिली.

डब्यावरच्या बाकी पट्ट्या नुसत्या काळवंडल्यात. आन्तेच्या नावावरची पट्टी नाहीच. साफ चाटून खाल्ल्यासारखी. तोर्केल बालवाडीतल्या पोरासारखा नाचतोय. म्हणतो, असला आकडा जगात कुणी पाहिलेला नाही.

१० ऑगस्ट

आन्ते बोलत नाही. विचारलं तर हो म्हणतो, तो श्वासाचा हो. बाकी काही नाही. त्याच्या पट्ट्याची चांदीची बटणं काळी पडलीत. एक मी हळूच चाचपलं तर बोटात भुगा आला. कुत्री त्याच्यापासून लांब बसते आणि कुंपणाखालची माती उकरते.

११ ऑगस्ट

रिस्तेन माझ्याकडे आली. स्वतःहून! माझ्या खोलीत, माझ्या खाटेच्या कडेवर बसली. म्हणाली, थंडी वाजते का विचारलं तर हो म्हणतो. उकडतं का विचारलं तरी हो. भूक आहे, हो. पोट भरलंय, हो. ओठ निळे आहेत. किरुनाच्या नर्सने बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला तर यंत्रात आकडाच उमटेना, नर्स म्हणाली यंत्र बिघडलंय. रिस्तेन म्हणाली, एल्विन, तो श्वास घेतो, पण सोडताना मी त्याला अजून एकदाही ऐकलेलं नाही.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो काढला नाही.

असा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. लिहायला लाज वाटते. तरी लिहितो.

१२ ऑगस्ट

तळ्याकाठच्या कुंपणाशी आन्ते एकटा सापडला. गंमत म्हणून विचारलं, आज उन्हाळा आहे का? हो. हिवाळा आहे का? हो. तू गाढव आहेस का? हो. मला हसू आलं, खरंच आलं. दातांत फट असलेला माणूस, आणि मी काहीही विचारावं.

मग मी रिस्तेनला बोलावून आणलं. तिच्यासमोर विचारलं, तुला हे लग्न मोडायचंय का?

त्याने श्वास आत ओढला.

तिने ओठांवर हात दाबला आणि गेली. मी मागे जाणार होतो, पण हा माझ्याकडे बघतच उभा. निळे ओठ, चंबू केलेले, पुढच्या प्रश्नासाठी तयार. माझं डोकं फिरलं. म्हटलं, मग जातोस का तळ्यात?

हो. आणि वळून चालायला लागला.

मला वाटलं थांबेल. गुडघ्यापर्यंत गेला, कमरेपर्यंत गेला. थांब म्हटलं असतं तर थांबला असता, त्याला नाही म्हणताच येत नव्हतं. मी ते म्हणालो नाही. टोपी तेवढी वर राहिली.

१४ ऑगस्ट

काढला. गुन्वोर आणि मी, गळाच्या काठीने. बुडाशी नव्हता, वर तरंगत होता, छाती ढोलासारखी. डॉक्टर म्हणतो फुप्फुसात थेंबभर पाणी नाही. हवाच हवा. नुसती आत घेत गेला आणि सोडली कधीच नाही.

तोर्केलने विचारलं, पुढचं उड्डाण ठरल्या दिवशीच ना? गुन्वोरने त्याच्या पायांपुढे थुंकी टाकली. पण उड्डाण ठरल्या दिवशीच आहे.

१८ ऑगस्ट

आज उडालं. 

डब्यावर आन्तेचं नाव नव्हतं. कसं असेल? गुन्वोरने वाचलं. नाव, श्वास. शेवटचं नाव माझं. मी श्वास ओढला. ती कागद खाली ठेवणार —

आणखी एक श्वास.

ती म्हणाली, कोण आहे तो शहाणा? कुणी हललं नाही. तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. माझ्यानंतर पुन्हा. लांब. आत. माझ्या कानामागे, इतका जवळ की मानेवरचे केस त्या बाजूला ओढले गेले.

तोर्केल किंचाळला, ढग चाललेत, उडवा. उडवलं. होकार जास्त आला तर थांबावं असा नियम नाही. कमी आला तरच.

१९ ऑगस्ट

रिस्तेन आली. म्हणाली, एकटीने कळप वळत नाही, येशील का चार दिवस? येशील का! मी तिच्या पायांशी झोपलो असतो.

मग दारात वळून विचारलं तिने. गुन्वोर म्हणते आन्तेच्या नावाला होकार आला होता. तो तर दलदलीत सापडला. मग कुणी दिला?

मी म्हटलं, मला काय माहीत.

ती गेल्यावर खोलीत कुणीतरी श्वास आत ओढला. छे. खिडकी असेल. खिडकीच असणार.

२० ऑगस्ट

माझ्या कमरेची चावी हातात तुटली. बिस्किटासारखी.

रिस्तेनला सगळं सांगावं का? मोठ्याने स्वतःला विचारलं, मूर्खासारखं. कोपऱ्यातून हो आलं.

सांगितलं नाही. सांगितलं तर ती जाईल. आता कुठे ती —

२१ ऑगस्ट

मुलखातल्या आश्रयाच्या खोलीत आहोत. रेनडिअरवाल्यांसाठी बांधलेली, काँक्रीट, लोखंडी दार, आत रेडिओ. आज पुन्हा उड्डाण. कळप पांगला, तळावर परतायला उशीर झाला. गुन्वोर म्हणाली, तिथेच बसा, होकार रेडिओवर द्या. रिस्तेनचं आणि माझं नाव सकाळीच डब्यावर लिहिलेलं आहे.

रॉकेट आत्ता वर आहे. दार उघडायचा इशारा यायचाय. काय झालं ते लिहितो. लवकर.

गुन्वोर वाचत होती. रिस्तेन बाहेर, आन्तेची कुत्री आत यायला तयार नाही, ती तिला ओढत होती. माझं नाव आलं, दिला. मग रिस्तेन. मी ओरडलो, ये, तुझं नाव! ती म्हणाली, आले रे, थांब.

रेडिओमागे, कोपऱ्यात, कुणीतरी श्वास घ्यायला सुरुवात केली.

तिच्या नावाला. तो तिच्या नावाला होकार देणार होता. आन्तेचं मी केलं तेच तो तिचं — मी तोंड रेडिओला लावलं आणि त्याच्या आधी, घाईने, मीच —

मीच ओढला.

गुन्वोर म्हणाली, छान, सगळे आत.

मग कोपऱ्यात शांत झालं. एकदम शांत. तेव्हा मला कळलं. त्याला काही द्यायचंच नव्हतं. तिच्या नावाचा होकार माझ्याकडून घ्यायचा होता.

रिस्तेन आत आली. कुत्रीशिवाय. बाकावर बसली, माझ्याशेजारी, अंगाला अंग लावून. इतकी जवळ ती कधी —

विचारलं, कुत्री कुठे? श्वास.

विचारलं, तुला बरं आहे ना? श्वास.

रिस्तेन, काहीतरी बोल. श्वास.

ओठ. कंदिलाच्या उजेडात निळेच दिसतात सगळ्यांचे. माझेही दिसत असतील.

मी सगळं सांगितलं. होकार मी दिला, तळ्यात मी पाठवला. विचारलं, माफ करशील? तिने श्वास आत ओढला. लगेच. विचारही न करता.

विचारलं —

हेही विचारलं. उमेओपासून जे विचारायचं होतं ते. माझ्यावर प्रेम आहे का.

हो.

माझ्याबरोबर राहशील? हो. नेहमी? हो. माझा हात धरलाय तिने. घड्याळाचा पट्टा माझ्या मनगटावरून गळून पडला, पिठासारखा. हात गार. आत ओढतेय. अजून ओढतेय. कंदिलाची ज्योत तिच्या बाजूला कलली आहे.

थांब म्हणू? आन्तेला म्हणालो नव्हतो. म्हटलं. थांब. ती हो म्हणाली आणि ओढतच —

सोड माझा हात. हो. सोडला.

मला श्वास कमी पडतोय. या खोलीत दोघांपुरता नाही —

इशारा आलेला नाही. वरून तुकडे पडायचेत. पडू देत.

विचारलं, मी जाऊ?

हो.

तू इथेच राहशील? हो. मागे येणार नाहीस? हो. — ते हो कसलं? येणार की नाही? हो.

दार बाहेरून लावून घेऊ?

माझ्याकडे बघितलं तिने. डोळे तिचेच होते. डोळ्यांत पाणी होतं, आणि मान, मला वाटतं मान हलली, आडवी, थोडीशी, नाही म्हणाल्यासारखी — मी नीट बघितलं नाही. ओठांनी हो म्हटलं. मी ऐकलं. ऐकलंच.

बाहेर आहे. दार ओढलं. कडी गंजलीय, बसेना, खांदा लावून रेटली. बसली. आता आतून ती दारावर थापा मारतेय —